तेवीस नंबरचं पाणी

टँकर गल्लीच्या तोंडाशी वळला तशी चांगुणेनं चुलीवरची भाकरी तव्यावरच सोडली आणि दोन घागरी घेऊन पळाली. तिच्यामागं निम्मी गल्ली पळाली. शिवकांताही सवयीनं उठली, घागर उचलली, आणि मग तिला आठवलं की आज आपली पाळी नाही. गल्लीचा टँकर चौथ्या दिवशी, म्हणजे परवा. हा आला होता तो इंजिनासाठी. तिनं घागर होती तिथं ठेवली आणि बाहेर गेली, कारण हे बायांना सांगणं तिच्याच कपाळी होतं. पोराला ते सांगायला तोंड नव्हतं, आणि नवऱ्यानं आठ दिवस झाले तोंड उघडलं नव्हतं.

बाया ऐकून घेऊन उभ्या राहिल्या. कोणी भांडलं नाही. भांडायलाही अंगात पाणी लागतं, आणि जून निम्मा सरला तरी आभाळ कोरडं होतं. चांगुणा तेवढी म्हणाली, इंजिनाला तहान लागली व्हय, पिऊ द्या बापड्याला, त्याला तरी दुसरं कोण हाय. तिचा नवरा मारोती रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये वीस वर्षं खलाशी, म्हणजे मदतनीस होता आणि आताही शिवकांताच्या पोराच्या, सिद्धरामच्या हाताखाली फुकट राबत होता, म्हणून तिला एवढं बोलायचा हक्क होता. ती रिकाम्या घागरी घेऊन परतली आणि करपलेली भाकरी तिनं तशीच टोपल्यात टाकली.

लातूर जिल्हा होऊन दहा महिने झाले होते. आधी लोक खेटे घालायला उस्मानाबादला जायचे, आता इथल्या इथं घालत होते, एवढाच फरक पडला असं शिवकांताचा नवरा धोंडप्पा म्हणायचा. पण नव्या जिल्ह्याला नवी हौस असते. पहिल्या वर्धापनदिनाला छोट्या लाईनचं एक जुनं वाफेचं इंजिन दोन डबे लावून औसा रोडपर्यंत पळवायचं, असं कचेरीत ठरलं. शेडच्या मागच्या आडरुळावर अकरा वर्षं गंजत पडलेलं तेवीस नंबर त्यासाठी मागून घेतलं गेलं. ते उभं करायचं काम शिवकांताच्या थोरल्या लेकानं, सिद्धरामनं अंगावर घेतलं. आयटीआय झालेला, सव्वीस वर्षांचा, पोटापुरती वेल्डिंगची टपरी चालवणारा पोरगा. हे इंजिन पळालं की आपलंही गाडं रुळावर येईल, एवढाच त्याचा हिशेब होता.

सात महिने तो राबला. आगीच्या पेटीचं वाकलेलं छत कापून नवा पत्रा बसवला. तेलाच्या गिरणीतल्या मोडीत निघालेल्या बॉयलरच्या नळ्या कापून घातल्या. बाजूच्या पाण्याच्या टाक्या तर नावालाच उरल्या होत्या, त्या औशाच्या एका लोहाराकडून नव्यानं बांधून घेतल्या, रिव्हिटांची ओळ जुन्यासारखी दिसली पाहिजे म्हणून चारदा मोडल्या. शेडचे तीन म्हातारे मदतीला आले, कोणी चहावर, कोणी नुसत्या आठवणींवर. बॉयलरचं सगळं काम मात्र धोंडप्पानं सांगून करून घेतलं. तीस वर्षं तो शेडचा बॉयलर मिस्त्री होता. दोन वर्षांमागं निवृत्त झाला, शेडच्या भिंतीला लागून दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या, आणि तिथून त्याला रोज ते मेलेलं इंजिन दिसायचं.

उद्या सकाळी दहाला कचेरीतले साहेब इंजिनाची चाचणी बघायला येणार होते. आज बॉयलर भरायचा, थंड पाण्याचा दाब देऊन कुठं गळतंय का ते बघायचं, आणि उद्या त्याच पाण्यावर पहिला जाळ घालायचा. चालवायला माणूस हवा होता. छोट्या लाईनवर आता डिझेल आलं होतं. वाफेवर हात बसलेला, अजून चालता-फिरता असलेला ड्रायव्हर एकच उरला होता, आणि तो घरचाच होता. धोंडप्पाचा थोरला भाऊ, रेवणप्पा.

आणि इथंच तर सगळं अडलं होतं.

बहात्तरच्या उन्हाळ्यात रेवणप्पा तेवीस नंबर घेऊन हरंगुळहून येत होता. बॉयलरमधलं पाणी उतरलं, आगीच्या पेटीच्या छतातलं शिशाचं बूच वितळलं, वाफ आगीवर कोसळली आणि इंजिन वाटेत मेलं. कोणी दगावलं नाही, पण बूच वितळणं म्हणजे ड्रायव्हरची सगळ्यात मोठी चूक. पाणी किती आहे ते दाखवणारी काच त्याच्या डोळ्यासमोर असते, तिच्याकडे बघणं हेच तर त्याचं काम. रेवणप्पा चौकशीत सांगत राहिला की काच अर्धी भरलेली होती. कोणी मानलं नाही. नोकरी गेली. तो बायकोला, गुरम्माला, आणि पोरांना घेऊन तिच्या माहेरी अहमदपूरला गेला आणि मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीत पट्ट्याजवळ बसू लागला. माणूस ड्रायव्हरचा गिरणीवाला झाला, आणि घरात बोलायचा थांबला.

सिद्धरामच्या बोलावण्यावरून काल संध्याकाळच्या एसटीनं दोघं आले. एसटीतून उतरताना गुरम्मा म्हणाली, "पायरी बघून उतरा. न्हाईतर तुमाला कुठं दिसतंय." सगळे ओशाळं हसले. रेवणप्पाही हसला, आणि शिवकांता त्यांचं गाठोडं उचलायला वाकली. हे बोलणं ती अकरा वर्षं ऐकत होती. अहमदपूरला दिवाळीला गेलं की ऐकायचं, लग्नात ऐकायचं, बारशात ऐकायचं. गुरम्मा वाईट नव्हती. नवऱ्याच्या एका नजरेपायी तिचा संसार भावाच्या दारात गेला होता, वहिनीच्या हाताखाली तिनं भांडी घासली होती. तिला तेवढं बोलू द्यावं असं सगळ्यांनाच वाटायचं. शिवकांता खाली मान घालून पोळ्या लाटत राहायची.

कारण शिवकांताला जे माहीत होतं ते गुरम्माला माहीत नव्हतं.

बॉयलर दर आठ-दहा दिवसांनी आतून धुवावा लागतो. आपल्याकडचं पाणी जड, उकळलं की त्यातला खार दगडासारखा बसतो आणि बारीक वाटा बुजवतो. बहात्तरला तर शेडची विहीरही आटली, आणि खोल बोअरचं खारं पाणी इंजिनात जायला लागलं. धुण्यासाठी मात्र चांगलं पाणी वॅगनमधून यायचं, मोजून. तेव्हा दोन्ही भावांची बिऱ्हाडं शेडच्या चाळीत शेजारी-शेजारी होती. शिवकांताची धाकटी नीला दहा वर्षांची, जुलाबानं वाळून काडी झालेली. डॉक्टर म्हणाला होता, उकळलेलं पाणी पाजा, खूप पाजा. घरात दोन तांबे होते. त्या दिवशी धोंडप्पा जेवायला आला तेव्हा शिवकांतानं ताट वाढलं नाही. ती म्हणाली होती, इंजिनाला आंघोळ घालायला पाणी हाय, अन् लेकराच्या नरड्यात घालायला न्हाई, असली कसली तुमची रेल्वे?

धोंडप्पा तसाच उठून गेला. दिवेलागणीला त्यानं शेडची रबरी नळी भिंतीवरून चाळीकडे टाकली. चाळीनं पाणी भरलं. शिवकांतानं भरलं, चांगुणेनं भरलं, गुरम्मानंही चार घागरी भरल्या आणि कुठून आलं ते विचारलं नाही, कारण तशा उन्हाळ्यात पाण्याला कोणी गाव विचारत नाही. नीला जगली. आता तिला दोन लेकरं आहेत. शेडच्या वहीत धोंडप्पानं लिहिलं, तेवीस नंबर धुतलं, आणि सही केली. पुढच्या वेळी पुन्हा तेच. आणि मग पुन्हा.

चौकशीत त्याला एकच प्रश्न विचारला गेला. वहीतली सही तुमची? तो हो म्हणाला. बॉयलर तीन दिवसांपूर्वी धुतलेला, म्हणजे वाटा मोकळ्या, म्हणजे काच खरी, म्हणजे ड्रायव्हर खोटा. एवढं सरळ होतं ते. त्या वेळी नवरा-बायकोनं एकमेकांना समजावलं की एकाची नोकरी जातेय तीच पुष्कळ, दोघांच्याही गेल्या तर तेरा तोंडं कोण भरणार, आणि कदाचित अण्णाला, म्हणजे रेवणप्पाला, खरंच डुलकी लागली असेल. नक्की कोणाला माहीत होतं? नुसती शंका होती, आणि शंकेला माणूस गप्प बसवू शकतो.

आठ दिवसांपूर्वी ती शंका दगड होऊन हातात आली. काचेखालची वाट साफ करायला धोंडप्पानं सळई घातली, ती जाईना. छिन्नी लावून त्यानं आतलं फोडलं तर बोटाएवढा पांढरा गोळा निघाला, एकसंध. ती वाट त्या दिवसापासून कोणी उघडली नव्हती, म्हणजे हा गोळा त्या दिवशीचाच. खालची वाट बंद असली की बॉयलरमधलं पाणी उतरलं तरी काचेतलं तसंच राहतं. धोंडप्पा गोळा रुमालात बांधून घरी आला, कोनाड्यात ठेवला आणि बायकोला म्हणाला, "त्या दिशी काच खोटी बोलली." तेव्हापासून तो गप्पच होता. सिद्धरामला कळलं तेव्हा तो म्हणाला, आधी साहेब येऊन जाऊ द्या, मग काय सांगायचं ते सांगा, अकरा वर्षं थांबलात तर अजून आठ दिवसांनी काय होतंय. पोरगा चुकीचं बोलत नव्हता. शिवकांतालाही ते पटलं, आणि पटलं याचीच तिला लाज वाटली.

आज सकाळी चहा झाला तसा रेवणप्पा शेडकडे गेला. तास झाला तरी आला नाही. मारोती सांगत आला की म्हातारा इंजिनाला हात लावून नुसता उभा होता, मग त्यानं बाजूचं एक झाकण उघडायला लावलं, कोपरापर्यंत हात आत घातला, आणि बाहेर काढला तो लाल चिखलानं माखलेला. मग रेवणप्पा स्वतः आला. ओसरीच्या कडेला बसला. हात तसाच होता, त्यानं धुवायला पाणी मागितलं नाही.

"हे धुतल्याबिगर मी जाळ घालणार न्हाई," तो म्हणाला.

सिद्धराम आधी हसला, त्याला वाटलं मोठे अप्पा गंमत करतायत. मग त्याच्या ध्यानात आलं. तो समजावू लागला. आत तारेच्या ब्रशानं घासलंय, मोठे अप्पा, भाता लावून फुंकलंय. टँकर एकच आहे, बॉयलर अन् टाक्या भरायला बरोबर पुरेल एवढा. धुण्यात घातला तर भरायला थेंब उरणार नाही, आणि दुसरा टँकर मागायला कचेरीत गेलं तर लोक जोडा हाणतील. एकदा उद्या वाफ दिसू द्या, पाऊस पडला की दहादा धुऊ. रेवणप्पा ऐकत होता, मान हलवत होता, आणि सिद्धरामचं बोलणं संपलं की पुन्हा तेच म्हणत होता, धुतल्याबिगर न्हाई.

मग गुरम्मा मध्ये पडली. आजवर तिला ह्या घराचं काही गोड वाटलं नव्हतं, पण पुतण्याचा उतरलेला चेहरा बघून ती त्याच्या बाजूनं उभी राहिली. पोरानं सात महिने रगत आटवलं, त्याचं नाव होऊ द्या, तुमचं व्हायचं ते होऊन गेलंय, असं ती म्हणाली. सिद्धरामला बळ आलं. तो बापाकडे वळला, अप्पा, तुम्हीच सांगा ना, मिस्त्री तुम्ही हाव. धोंडप्पा भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मान वर केली, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. शिवकांता दाराच्या चौकटीआड उभी होती. तिला दिसलं की हा माणूस आजही बोलणार नाही. त्याच्यात जीवच राहिलेला नव्हता.

"तुमाला काय भ्या वाटतंय?" गुरम्मा नवऱ्याला म्हणाली. "काचंकडं बघायला दुसरा माणूस उभा करा. सिद्धरामचे डोळे चांगले हायत."

रेवणप्पानं तिच्याकडे बघितलंही नाही. तो आपल्या मळक्या हाताकडे बघत सावकाश बोलला, आणि एवढा लांब तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

"गुरम्मा म्हणती ते खरं हाय. माझ्या डोळ्यांचा भरवसा न्हाई. त्या येळी तर आपल्या धोंडूनं तीन दिवस आधी बॉयलर धुतला होता. इंजन चोख होतं. तरी माझ्या हातून गेलं. मला काच अर्धी दिसली अन् बॉयलर रिकामा होता. चोख इंजन मी मारलं. मग हे असलं चिखलाचं कसं नेऊ? माणसं बसणार हायत डब्यात."

शिवकांताच्या घराण्यात भासऱ्यापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, सून बोलत नसे. एकतीस वर्षं झाली लग्नाला, रेवणप्पापुढं तिचा पदर कधी कपाळाच्या वर गेला नव्हता आणि त्याच्याशी ती एक शब्द थेट बोलली नव्हती. चहा हवा का हे सुद्धा ती जावेमार्फत विचारायची. आता ती चौकटीतून बाहेर आली. ओसरीवरून पोरगा तिच्याकडे बघून मान हलवत होता, नको, अव्वा, नको, आणि तिला त्या लेकराची कीव आली, पण पुढं ठेवलेला पाय मागं घेणं आता तिच्या हातात नव्हतं.

"अण्णा," ती म्हणाली, "न्हवता धुतलेला."

तिला वाटलं ऐकूच गेलं नाही, म्हणून ती पुन्हा म्हणाली. "बॉयलर धुतला न्हवता. धुवायचं पाणी मी मागितलं. नीलीसाठी. आमी समद्यांनी भरलं ते. ह्यांनी वहीत खोटं लिवलं, पण पाणी मी मागितलं."

रेवणप्पा तिच्याकडे बघेना. रीत इतकी हाडात मुरलेली की आताही त्यानं तोंड बायकोकडे केलं.

"धाकटीला इचार," तो म्हणाला, "किती येळा?"

गुरम्मा विचारायच्या अवस्थेत नव्हती. शिवकांतानंच उत्तर दिलं. "तीन येळा. महिनाभर इंजन धुतलंच न्हाई."

धोंडप्पा उठला. कोनाड्यातला रुमाल आणून त्यानं भावाच्या पुढ्यात सोडला. पांढरा गोळा ओसरीच्या फरशीवर घरंगळला. रेवणप्पानं तो उचलला, अंगठ्यानं घासला, कानाजवळ नेला, का नेला कोणास ठाऊक. मग त्यानं भावाला विचारलं, "काचंखालच्या वाटंतलं हाय?"

"हाव."

"समदी बंद?"

"समदी. सळई गेली न्हाई."

"म्हंजे काच अर्धी व्हती."

"अर्धीच असणार, अण्णा. तू म्हणत होतास ते खरं होतं."

रेवणप्पानं गोळा तळहातावर घेतला. मग तो म्हणाला, "हरंगुळला मी काच निरखून बघितली होती. पाणी अर्ध्यावरच होतं. सायबाला मी हे सांगितलं. दोनदा सांगितलं." त्यानं मूठ मिटली. "मग मलाच वाटाय लागलं, मी बघितलीच न्हाई. झोप लागली आसंल. रोज गिरणीत बसून आठवायचो, बघितली का न्हाई, बघितली का न्हाई. माझंच मला खरं वाटंना झालं."

धोंडप्पा त्याच्या पायाशी बसायला गेला, तर त्यानं हातानं थांबवलं. राग नव्हता त्यात, पण मायाही नव्हती. सिद्धराम मधेच आईवर ओरडला की आजचाच मुहूर्त सापडला का तुला, उद्या मी साहेबाला काय तोंड दाखवू. शिवकांता चौकटीपाशी खाली बसली. आता तिच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि फार दमल्यासारखं वाटत होतं, दिवसभर कडबा वाहिल्यावर वाटतं तसं.

उत्तर रेवणप्पानंच दिलं. "थंड इंजन दाखव सायबाला. सांग, डायवर म्हणाला, धुतल्याबिगर जाळ न्हाई. इच्चारलं तर मला बोलीव, मी सांगतो." मग तो उठला आणि भावाला म्हणाला, "धोंडू, चल. भोकं उघड."

टँकरचं तोंड इंजिनाकडे वळवलं गेलं. भर दुपारी, पत्रे तापून करकरत असताना, दोघं म्हातारे धुवायला लागले. रेवणप्पा वर उभा राहून नळीनं पाणी मारत होता, धोंडप्पा खाली भोकातून सळई घालून आतला गाळ ओढत होता. वर, खाली, अजून, डावीकडं, एवढेच शब्द ऐकू येत होते. वीस वर्षं त्यांनी असंच काम केलं होतं आणि हातांना ते आठवत होतं, मनाचं काय ते मनालाच ठाऊक. आतून आधी लाल चिखल आला, मग पांढरट राड, मग पुन्हा लाल. एकदा वाटलं स्वच्छ आलं, तर रेवणप्पा म्हणाला, अजून. सिद्धराम थोडा वेळ फुगून दूर उभा होता. मग त्यानं बाह्या वर केल्या आणि बापाच्या हातातली सळई घेतली, कारण बापाचा श्वास फुलला होता.

गल्लीतल्या बाया हळूहळू भिंतीपाशी जमल्या. पाणी रुळांमधून वाहून मातीत जात होतं आणि त्या बघत होत्या. शिवकांताला वाटलं, आता कोणी दगड मारेल आणि मारावाच. चांगुणेनं मात्र घमेलं आणलं, खाली वाकून वाहतं पाणी त्यात धरलं. म्हशीला चालंल, ती म्हणाली, नाहीतर भांड्यांना. मग बाकीच्याही बादल्या घेऊन वाकल्या. बहात्तरला स्वच्छ पाणी नळीतून मिळालं होतं, यंदा राड मिळत होती. चांगुणेनं एकदा शिवकांताकडे बघितलं. मारोतीनं तिला ओसरीवरचं सांगितलं असणार. तिनं फक्त आपलं दुसरं घमेलं शिवकांतापुढं सरकवलं. शिवकांतानं ते घेतलं नाही. ह्या पाण्यातला थेंबही आपण घेऊ नये असं तिला आतून वाटत होतं.

टँकर निम्मा झाला, पाव झाला. टँकरवाला टपावरून वाकून आत बघत होता आणि किती उरलं ते ओरडून सांगत होता. सिद्धराम प्रत्येक वेळी वर बघायचा, आणि पुन्हा कामाला लागायचा. शेवटी नळीतून फुसफुस आवाज आला. रेवणप्पानं भोकात हात घातला, ह्या वेळी हात ओला आला, पण स्वच्छ. तो बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला.

गुरम्मा कधी शेजारी येऊन उभी राहिली ते शिवकांताला कळलं नाही. ओसरीवरच्या त्या बोलण्यानंतर ती एका शब्दानं बोलली नव्हती, जेवली नव्हती, आत गाठोड्यावर बसून होती. शिवकांतानं मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, आठ दिवस जुळवत होती. अक्का, माझ्यामुळं तुमचा संसार उधळला, तुमी मला काय पण बोला. तिनं ते म्हणायला सुरुवात केली.

गुरम्मानं तिला पुढं बोलू दिलं नाही.

"पाण्याचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. आवाज खाली होता, भांडणाचा नव्हता. "ते पाणी मीबी भरलं. माझीबी लेकरं त्याच्यावर जगली. नीलीच्या जागी माझी पोर असती तर मीबी तेच मागितलं असतं. नोकरी गेली तीबी गेली, तिचं मी काय धरत न्हाई."

शिवकांतानं तिचा हात धरला. गुरम्मानं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. ती इंजिनाकडे बघत होती. तिथं रेवणप्पा ओला चिंब, चिखलानं भरलेला, मारोतीला काहीतरी समजावून सांगत होता, हातवारे करत, मोठ्या आवाजात.

"अकरा वर्षं मी त्या माणसाला आंधळा म्हणले, शिवकांता. जेवायला वाढताना म्हणले. माझ्या भावजयीपुढं म्हणले. लेकीच्या सासरच्यांपुढं म्हणले. त्यानं एकदाबी उलटून उत्तर दिलं न्हाई, कारण त्यालाबी तेच खरं वाटत होतं." तिनं मान वळवली आणि पहिल्यांदा जावेच्या डोळ्यांत बघितलं. "अन् तू तिथंच बसलेली असायचीस. पोळ्या लाटत. पाणी मी माफ केलं. ते ऐकत बसणं कसं माफ करू, तूच सांग."

गुरम्मा थोडा वेळ उत्तराची वाट बघत उभी राहिली, आणि मग तिनं आपला हात काढून घेतला.